‘भ्र.’च्या पलीकडे : एका स्त्रीकुळाच्या शोधासंबंधी

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यास छापला गेला आणि पुढे दीर्घकाळ विस्मृतीत पडला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली त्याचे पुनर्मुद्रण केले, तेव्हापासून ग्रंथाबरोबर ग्रंथकर्त्रीच्या कुळाचीही विचारपूस सुरू झाली. हाती आलेला तपशील थोडका आहे. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास सरकारी कचेरीत नोकरीस असून सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. पती घरजावई होते. एवढ्यावर अभ्यासकांनी जे चरित्र उभारले आहे, त्याचा पाया तपासून पाहावयास हवा.

पहिली गोष्ट अशी की, ही वाट उघडी राहिली ती एका अपवादामुळे. पती घरजावई म्हणून ‘शिंदे’ हे आडनाव टिकले. ताराबाई सासरी नांदत्या, तर मुखपृष्ठावर दुसरेच आडनाव येते आणि बापूजींपर्यंत कोणी पोहोचले असते असे वाटत नाही. अपवादावरून नियम बांधणे येथे धोक्याचे होय.

नियम पाहावयाचा तर आमच्या कंधारकडील कागद पाहावेत. नांदेड-लातूर भागात स्त्रीचे नाव ‘अमुकबाई भ्र. अमुक’ असे लिहितात, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. जुन्या मराठी दस्तांत याच जागी ‘कोम’ येते. विवाहाबरोबर ‘पि.’ जातो, ‘भ्र.’ येतो, आडनाव बदलते, आणि पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलते. महसुली कागदांत ती बहुधा वैधव्यानंतर, वारस म्हणून, प्रथम दिसते. त्यात निजामी राजवटीतील दप्तर उर्दू. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. ‘ळ’ आणि ‘ण’ यांना स्वतंत्र अक्षर नाही. ‘काळूबाई’ची ‘कालूबाई’ व्हावयास कारकुनाचा निष्काळजीपणा लागत नाही, लिपीच पुरते. वऱ्हाडही १८५३ पर्यंत निजामाच्याच कारभाराखाली होते, हे ताराबाईंच्या पूर्वजांचा माग काढू पाहणाऱ्याने विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कागद संपले की अभ्यासक निबंधाकडे वळतात आणि पतीविषयीच्या कठोर वाक्यांतून ताराबाईंचा संसार वाचू लागतात. निबंधाचे निमित्त १८८१ मधील सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचे. संबोधन समस्त पुरुषजातीस. अनेकवचनी ‘तुम्ही’तून एका घरातला नवरा काढणे भाषाशास्त्रास मान्य होण्याजोगे नाही. तो संसार सुखाचा होता असे यावरून सिद्ध होत नाही. पण दुःखाचा होता, हेही नाही. जिने सर्वांच्या वतीने वाद मांडला तिला स्वतःच्या गाऱ्हाण्यात कोंडणे हा अन्यायही होय, आणि तो तिच्या चाहत्यांकडूनच होतो, ही गंमत.

मग शोधावे कोठे? मराठी नातेवाचकांत आत्या, मावशी, मामी, काकू निरनिराळ्या आहेत. मामेभाऊ आणि मावसभाऊ यांची गल्लत खेड्यातले पोरही करीत नाही. बोलीत एवढा भेद, आणि दप्तरात स्त्रीसाठी एकटे ‘भ्र.’! म्हणून कंधार तालुक्यातील विद्यार्थ्याने वंशावळ लिहावयास बसताना घरातील सर्वांत वृद्ध बाईस प्रथम तिचे आजोळ विचारावे, मग तिच्या आईचे आजोळ, आणि प्रत्येक गावाचे नाव तिच्या उच्चाराप्रमाणे टिपून घ्यावे. सातबारा त्यानंतर उघडावा.