गायिली जाणारी कविता : लोकलय, जॅझ आणि 'जैत रे जैत'

ना. धों. महानोर (१९४२-२०२३) यांच्या कवितेविषयी वर्गात बोलू लागताच विद्यार्थी चाल गुणगुणू लागतात, हा मराठीच्या बहुतेक अध्यापकांचा अनुभव असावा. 'जैत रे जैत' (१९७७) मधील त्यांची गीते तर उत्तरपत्रिकांत 'लोकगीते' म्हणूनच अवतरतात. हा गैरसमज क्षुल्लक नव्हे. त्यात कवी आणि संगीतकार दोघेही पुसले जातात.

गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर, सोलापुरात शालेय शिक्षण झालेल्या जब्बार पटेलांनी हा चित्रपट केला. त्यात ठाकर समाजाचे जीवन आहे, ढोल आहे, समूहस्वर आहे. परंतु हृदयनाथ मंगेशकरांनी ही लोकलय रचनेत पक्की बांधली आहे. अंतरा कोठे थांबावा, ढोल कोठे उसळावा, सारे पूर्वनिश्चित आहे. रचना म्हणून ती असामान्यच. मात्र तिला लोकसंगीत म्हणता येणार नाही. राम जोशींच्या सोलापुरास हे निराळे सांगावयास नको की फडावरील लावणीत एकाच ओळीवर अदा पालटत जाते, ढोलकी त्या अदेला उत्तर देते आणि दर आवर्तनी ओळीचा अर्थ थोडा सरकतो.

जॅझचा प्राणही हाच : ठरलेल्या धूनेचा तत्क्षणी केलेला विस्तार. लोकसंगीत आणि जॅझ यांचे नाते वाद्यांपेक्षा या मोकळिकीत शोधावे लागते. मराठी संगीतकारांकडे जॅझ आला तो चित्रपटाच्या वाद्यवृंदातून. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) या हिंदी चित्रपटात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या चमूसह पडद्यावरही दिसतात. तेथे झिंग आहे, कवितेचा आग्रह नाही. उलट भावगीताने कविता जपली. पण ते वाढले सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीवर. तेवढ्या अवकाशात वाद्याला कडव्यांमधील जागा भरण्यापलीकडे काय उरणार?

पोलंडमधील क्राकूव्ह शहरी १९५६ साली एका तळघरात सुरू झालेल्या कॅबरेत एवा देमार्चिक कवींच्या रचना गात. तेथे कविता आधी श्रोत्यांपुढे उभी राहिली, तबकडी मागाहून आली. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा राहिला, आणि लोकलय, जॅझ व कविता यांच्या जोड्या जमल्या तरी त्रिवेणी क्वचितच झाली.

'रानातल्या कविता' (१९६७) प्रस्तुत लेखिका आता वर्गात चालीविना, मोठ्याने वाचून घेते. पहिल्या तासाला विद्यार्थी अडखळतात. दुसऱ्या तासाला प्रत्येकाचा थांबा निराळ्या शब्दावर पडू लागतो.