हसलो, त्याची कबुली

नावं ठेवायचीच म्हणून 'सोंगाड्या' (१९७१) लावला. धसईत, घरात, पोराच्या मोबाईलवर. म्हटलं, दादा कोंडक्यांचा चावटपणा, दुसरं काय! पण राम कदमांच्या संगीतात ढोलकी कडाडली नि पाय आपसूक हलला. पोट दुखेस्तोवर हसलो.

तमाशापायी आई नाम्याला घराबाहेर काढते, तिथं थबकलो. आमच्या म्हाताऱ्यांनीही तमाशाच घराबाहेर काढला, आंबेडकरी जलसा धरला. बरोबरच केलं. आपली बाई नाचवून गावाची करमणूक कशाला? पण ती ढोलकी आमच्याच बापजाद्यांची ना!

लेखन वसंत सबनीसांचं, नाव कोंडक्यांचं. फडाला घाम पवळाबाईसारख्यांचा. हसू खरं, हिशेबही खरा. समीक्षेनं दोन्ही मांडावं.