'प्रोक्रॅस्टिनेशन'चे खोटे ग्रीक आजोबा

चालढकलीवर प्रबंध लिहिणारा हमखास शब्दाच्या व्युत्पत्तीपासून सुरुवात करतो. त्यात वाईट काही नाही. पण तिथेच एक चूक पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून ही पोस्ट.

2019 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये चालढकलीवर एक लेख आला होता. लेख चांगला आहे. चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा नव्हे, भावना हाताळण्याचा प्रश्न आहे, हे तो नीट पटवून देतो. पण त्यात म्हटलंय की 'प्रोक्रॅस्टिनेशन' हा शब्द लॅटिन क्रियापदाबरोबरच ग्रीक 'अक्रासिया'पासूनही आला. हे साफ चूक आहे.

फोड करून बघा. लॅटिनमध्ये 'प्रो' म्हणजे पुढे, 'क्रास' म्हणजे उद्या, 'क्रास्टिनुस' म्हणजे उद्याचा. त्यावरून 'प्रोक्रास्टिनारे', म्हणजे उद्यावर ढकलणं. 16व्या शतकात शब्द इंग्रजीत आला. 'अक्रासिया'त मात्र 'अ' नकारार्थी आणि 'क्रातोस' म्हणजे सत्ता, ताबा. स्वतःवर ताबा नसणं. 'डेमोक्रसी'तला 'क्रसी' तोच. दोन्हींत 'क्रा' ऐकू येतो, एवढंच काय ते नातं!

मग ही चूक इतकी गोड का वाटते? कारण कल्पना खरंच जवळच्या आहेत. पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये केलेली व्याख्या आठवा : नुकसान होईल हे कळत असूनही ठरवलेलं काम आपणहून लांबवणं. कळतं पण वळत नाही, हीच अ‍ॅरिस्टॉटलची अक्रासिया. पण कल्पनांचं साम्य म्हणजे शब्दांचं रक्ताचं नातं नव्हे. लॅटिन शब्दात फक्त 'उद्या' आहे. 'नुकसान कळत असूनही' हा भाग संशोधकांनी व्याख्येत घातलाय, आणि त्याचं समर्थन पुराव्यानेच करावं लागतं. व्युत्पत्ती ते काम करू शकत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याला 'दीर्घसूत्री' म्हटलंय. शब्दशः, लांब सूत असलेला. म्हणून चालढकलीचा सूतकताईशी संबंध आहे, असं तुम्ही प्रबंधात लिहाल का?

तेव्हा दोन गोष्टी करा. व्युत्पत्ती द्यायचीच तर ती लेखातून उचलू नका, व्युत्पत्तिकोश उघडा. आणि अक्रासिया हवीच असेल, तर 'तुलना करण्याजोगी जुनी कल्पना' म्हणून वेगळ्या परिच्छेदात घ्या. कोश बघायला पाच मिनिटं लागतात. आजच बघा, उद्या नको.