रोजनिशीचे दोन खर्डे

साहित्याच्या वर्गात रोजनिशी शिकवायला घेतली की प्रामाणिकपणा, उत्स्फूर्तता, मनाचा आरसा हे शब्द ठरल्यासारखे येतात. (पेशवे दप्तरातल्या रोजनिशीला यांतला एकही लागू नाही, ती कारभाराची नोंद होती.) ॲन फ्रँकच्या रोजनिशीबाबत तर ते हमखास येतात, आणि तिथेच ते सर्वांत अपुरे पडतात.

ॲनने १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, लिहायला सुरुवात केली. २८ मार्च १९४४ रोजी लंडनमधल्या परागंदा डच सरकारचे शिक्षणमंत्री बोल्केस्टाइन यांनी नभोवाणीवरून सांगितले की, युद्धानंतर सामान्य माणसांची पत्रे आणि रोजनिश्या जमा केल्या जातील. त्या मे महिन्यात तिने जुने लेखन सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतले. काही गाळले, काही जोडले, पीटरविषयीची ओढ बरीच काढून टाकली. ४ ऑगस्टला अटक झाली तेव्हा हा दुसरा खर्डा मार्चअखेरच्या नोंदींपर्यंत आला होता. १९४७ साली वडिलांनी, ऑटो फ्रँक यांनी, दोन्हींतून निवडून पुस्तक केले आणि पीटर परत आणला. आज बहुतेकांच्या हाती असते ते या जुळणीचेच वाढवलेले रूप.

हे वर्गात सांगावे का? शिक्षक कचरला तर नवल नाही. ज्यूंचा संहार नाकारणाऱ्यांनी ही रोजनिशी बनावट ठरवण्याचा वर्षानुवर्षे प्रयत्न केला. ‘पुनर्लेखन’ हा शब्द त्यांच्या पथ्यावर पडेल, ही भीती खोटी नाही. पण नेदरलँड्सच्या युद्धदस्तऐवज संस्थेने झाकपाक केली नाही. हस्ताक्षर, कागद, शाई तपासून तिने १९८६ साली तिन्ही संहिता समांतर छापल्या. आरोपाला उत्तर मिळाले ते खर्डे उघडे केल्यामुळेच.

अभ्यासक्रमात हवी ती ही आवृत्ती. एकाच तारखेच्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की पंधरा वर्षांची लेखिका तेरा वर्षांच्या मुलीचे लेखन कसे वाचते, काय खोडते, कोणत्या वाचकासाठी, ते दिसते. १९४३ सालची मूळ वही जवळजवळ सगळी हरवली आहे, त्यामुळे तुलना सलग होत नाही. १९४२चा उन्हाळा आणि १९४४चे पहिले महिने मात्र एका सत्राला पुरून उरतात.

विद्यार्थ्यांकडून गुणांसाठी रोजनिशी लिहून घ्यायचीच असेल, तर महिन्याभराने ती त्यांना पुन्हा लिहू द्यावी. तपासायला दुसरा खर्डा घ्यावा. पहिली वही मागू नये.