हत्ती, देवणी आणि मागची सीट

2017 साली बजाज ऑटोने डॉमिनार 400 या मोटारसायकलसाठी ‘हाथी मत पालो’ ही जाहिरात मोहीम चालवली. डोंगरातला रस्ता आहे आणि जुन्या धाटणीची हेल्मेटं घातलेले काही पुरुष हत्तींवर बसून रमतगमत चालले आहेत. मागून डॉमिनारचा ताफा येतो आणि त्यांना ओलांडून जातो. हत्ती म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती. रॉयल एनफिल्डचं नाव न घेता बुलेटवाल्यांची टर उडवायची, एवढाच हेतू होता. मोहीम गाजली आणि तिच्यावर भांडणंही झाली. पण महिन्याला दहा हजार गाड्या विकण्याचं जे उद्दिष्ट कंपनीने डॉमिनार आणताना बोलून दाखवलं होतं, ते काही गाठलं गेलं नाही.

याचं कारण बाजाराचे अभ्यासक किमतीत, जुन्या-नव्या ब्रँडच्या वजनात शोधतात. नांदेड-लातूरच्या बाजूने पाहिलं तर एक कारण भाषेतही सापडतं. पांढरा हत्ती पोसू नये, हे मराठीतही म्हणतात. पण दारात हत्ती झुलतो, असंही मराठीतच म्हणतात, आणि त्यात हेटाळणी नसते. ज्या घरापुढे हत्ती झुलतो ते घर मोठं. जाहिरात सांगत होती की हत्ती चालत नाही, खातो फार आणि वेळेला थांबत नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र तो दारात उभा होता, आणि उभा असतानाच शोभत होता. अहमदपूर-लोह्याकडच्या गावांत बुलेट दिवसातला बराच वेळ ओसरीपुढे स्टँडवर असते. तिचं निम्मं काम तिथेच होतं. सोयरिकीला आलेली माणसं ती पाहतात. हुंड्याच्या बोलण्यात गाडीचं नाव निघतं तेव्हा ती किती पळते हे कुणी विचारत नाही, कोणती आहे हे विचारतात. मालकी हा वेडेपणा आहे, असं सांगणाऱ्या जाहिरातीला मालकी म्हणजे काय हेच कळलं नव्हतं.

जाहिरात खोटी होती, असं मात्र म्हणता येणार नाही. यंत्र म्हणून डॉमिनार मुळापासून विचार करून बनवलेली आहे. 373 सीसीचं एकच सिलिंडर, केटीएमच्या इंजिनाशी नातं सांगणारं आणि पाण्याने थंड राहणारं. 15 डिसेंबर 2016 ला ती आली तेव्हा 35 पीएस ताकद होती, 2019 मध्ये ती 40 झाली. टाकी 13 लीटरची. नांदेड ते लातूर साधारण 140 किलोमीटर. लीटरला पंचवीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी एका टाकीत जाणं-येणं होऊन पेट्रोल उरतं. पुढचा दिवा एलईडीचा आहे आणि एबीएसही आहे. उसाच्या हंगामात रात्री लातूरकडे गेलेल्याला या दोन गोष्टींची किंमत सांगावी लागत नाही. मागे लाल दिवा नसलेली, उसाने भरलेली जोडट्रॉली वळणावर अचानक समोर येते, तेव्हा दिवा आणि ब्रेक एवढंच कामाला येतं. त्या मोहिमेत हत्तीच्या अंधूक दिव्याची आणि ब्रेकची थट्टा होती. ती थट्टा या रस्त्यावर अगदी खरी आहे. पण या रस्त्यासाठी ती लिहिलेली नव्हती. जाहिरातींतला रस्ता नेहमी डोंगरातला असतो आणि मोकळा असतो.

जुलै 2025 मध्ये डॉमिनारची नवी आवृत्ती आली, आणि शोरूममधल्या बोलण्यात ‘टूरिंग’ हा शब्द आणखी ठळक झाला. पाऊस, रस्ता, स्पोर्ट आणि कच्चा रस्ता असे चार मोड, लांबच्या प्रवासासाठी बदललेलं हँडल, नकाशा दाखवणारं यंत्र बसवायला जागा. त्याआधी 2021 मध्येच उंच काच, हातांपुढचे गार्ड, इंजिनाखालची पत्रा-पट्टी, मागचं कॅरियर हे सगळं कारखान्यातूनच बसवून मिळू लागलं होतं. स्पोर्ट-टूरिंग या प्रकाराची कल्पनाच ही: पळायलाही चांगली आणि लांब जायलाही, एका जनावरात दोन गुण.

दोन गुणांचं जनावर या भागाला नवं नाही. लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाने ओळखली जाणारी देवणी जात दुधालाही चालते आणि ओढकामालाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची लाल कंधारी मुख्यतः ओढीची. कोणती कशासाठी, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं आणि त्या हिशेबानेच तो भाव करतो. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या त्या बाजारात घोडे विकत घेणारा माणूस दात पाहतो, चाल पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो आणि विकणाऱ्याच्या वर्णनाला फारसा भुलत नाही. मोटारसायकलच्या बाबतीत असं पारखणं आपल्या लिहिण्यात आलेलं नाही. मराठीत गाड्यांवर जे लिहिलं जातं ते बहुतेक कंपनीच्या पत्रकाचा अनुवाद असतो. ताकद, टॉर्क, किंमत, रंग. कशासाठी आणि कुणासाठी, हा प्रश्न त्यात येत नाही.

म्हणून तो इथे विचारू. टूरिंग म्हणजे नेमका कोणता प्रवास? बजाजने याच गाडीवर आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंतची मोहीम घडवून आणली. मोठी गोष्ट आहे, तिचा अभिमानही वाटावा. पण नांदेडात नवी गाडी घेतलेला माणूस पहिल्यांदा कुठे जातो? हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पेढे, मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसोबत फोटो, आणि मग माहूर नाही तर तुळजापूर. राष्ट्रीय महामार्ग 361 नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा करत तुळजापूरला जातो. इथलं टूरिंग हे आहे, आणि ते मोटारसायकलीहून कितीतरी जुनं आहे. त्या प्रवासात माणूस एकटा नसतो. मागे बायको असते, कधी आई, मध्ये पोर, टाकीवर आणखी एक. पिशवी आणि ओटीचं सामानही असतं.

डॉमिनारची मागची सीट वेगळी आणि पुढच्या सीटपेक्षा उंच आहे. तरुण मित्र दोन्हीकडे पाय टाकून बसला तर तक्रार नाही. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईने दीडशे किलोमीटर कसं जावं, याचा विचार त्या आकारात दिसत नाही. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून किमान निम्मं चाक झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. मराठवाड्यातलं सर्वांत गरजेचं टूरिंग साधन तेच आहे. पण स्पोर्टी गाड्यांच्या जाहिरातींत ते क्वचितच दिसतं, आणि पोरं गाडी घरी आणल्यावर ते काढून टाकतात, कारण त्याने ‘लूक’ जातो. लूक जातो म्हणजे गाडीवर बाई बसते हे दिसतं. 2001 मध्ये याच कंपनीने पल्सर आणली ती ‘डेफिनेटली मेल’ म्हणत. चोवीस वर्षांत मोड चार झाले, पण त्या वाक्यातून गाडी अजून पुरती बाहेर आलेली नाही. त्याआधीचा ‘हमारा बजाज’ काळ आठवला तर फरक लगेच कळतो. त्या स्कूटरवर घर बसायचं आणि जाहिरातीतही बसायचं.

सरकारचं गणितही याच गोंधळात भर घालतं. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांसाठी 40 टक्के झाला. 349 सीसीची बुलेट गरजेच्या बाजूला राहिली आणि 373 सीसीची डॉमिनार चैनीच्या बाजूला गेली. ज्या हत्तीला हसले, त्याच्यावरचा कर उतरला. दुसरीकडे, मराठवाड्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. सुरक्षेचं कारण समजण्यासारखं आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: मोठे रस्ते आखणाऱ्यांच्या लेखी मोटारसायकल हे लांब जायचं वाहन नाही. इथल्या बहुतेक घरांत लांब जायला दुसरं स्वतःचं वाहन नसताना.

इथे एक आक्षेप येईल. अडीच लाखांच्या घरातली गाडी घेणाऱ्या पोराला शौकच करायचा असेल, तर त्याच्या गळ्यात आईची आणि साडी गार्डची चर्चा कशाला बांधायची? शौकाला माझा विरोध नाही. दुष्काळाच्या भागातल्या माणसाने फक्त गरजेपुरतं जगावं, असं शहरातून सांगणारे पुष्कळ आहेत, त्यात भर नको. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ही गाडी बाजारात आली. म्हणून लातूरच्या पोराने ती घेऊ नये, हा तर्क मला मान्य नाही. माळेगावला घोडा घेणारा तरी कुठे नांगराला जुंपणार असतो? विनाकारण लांब जाता येणं हेही स्वातंत्र्य आहे, आणि ते इथे फार थोड्यांना मिळालं आहे.

पण मग ते स्वातंत्र्य पुढच्या सीटपुरतं का असावं? ही गाडी चालवणारी बाई जाहिरातीत नाही, मागे बसणारी तर नाहीच. बारामाही ऊन, ट्रॉल्या आणि खड्डे असलेल्या रस्त्यावर पळणं आणि पोचणं या दोन्हींचा मेळ घालू शकणारं इंजिन चाकणमध्ये बनतं, ही लहान गोष्ट नाही. त्या इंजिनाभोवतीची कल्पना मात्र अपुरी राहिली. देवणी पाळणारा शेतकरी दुधाचा गुण आणि ओढीचा गुण वेगवेगळा तपासून घेतो. शोरूममध्ये उभ्या असलेल्या पोरानेही तसंच करावं. ताकदीचा आकडा ऐकून झाला की मागच्या सीटवर घरातल्या कुणाला तरी बसवावं, दहा मिनिटं बसू द्यावं आणि विचारावं, तुळजापूरपर्यंत जमेल का? उत्तर नाही असं आलं, तर गाडी पळायला चांगली आहे एवढंच म्हणावं. टूरिंग हा शब्द तिला अजून मिळवायचा आहे.