वायू सरेपर्यंत उपवास?

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वायू सरेपर्यंत पोटात काही जाऊ द्यायचे नाही, हा जुना दंडक. अन्नाने शिवलेला जोड सुटेल, ही त्यामागची भीती. पण वायू सरणे ही मोठ्या आतड्याची खूण. त्याला दोन-तीन दिवस लागतात. लहान आतडे काही तासांतच हलू लागते. हा दंडक तपासणारा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २००१ चा आढावा आम्हांला म्हणूनच मोलाचा वाटतो. ११ चाचण्या, ८३७ रुग्ण. २४ तासांच्या आत आहार मिळालेल्यांत जंतुसंसर्ग कमी आढळला, जोड सुटण्याचे प्रमाण वाढले नाही. उलट्या मात्र वाढल्या. तोंडाने व नळीने दिलेला आहार एकत्रच मोजला, ही उणीव. कोणाला केव्हा भरवायचे, ते शल्यविशारदच ठरवतील. पण भीतीसुद्धा मोजून पाहता येते, हे वर्गात जरूर सांगावे.