फुलीची सही

नवरा लढाईवर आणि बायको वाटेकडे डोळे लावून. या विषयावर प्रस्थापितांनी पोतंभर लिहून ठेवलंय. त्या विरहाला चंद्र लागतो, पाऊस लागतो, निरोप नेणारा कुणीतरी लागतो. पण सगळ्यांत आधी बायको-पोरं कायद्यानं आपली असावी लागतात, ही अट कुठल्याच समीक्षेच्या पुस्तकात नाही. ज्याला नवरा म्हणून कुणी मोजतच नाही, त्याची ताटातूट कुठल्या रसात बसवायची?

मी इथं दोन कागद वाचायला घेतोय. दोन्ही अमेरिकेतल्या यादवी युद्धातले, १८६४ सालचे. दोन्ही काळ्या सैनिकांचे. हा मुलूख आपल्याला परका नाही. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ साली मुंबईत पँथर हे नाव घेतलं तेही तिथल्याच काळ्या पोरांकडून. नाव घेतलं, पण त्यांचे कागद आपण कमी वाचले.

आधी थोडा हिशेब. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० काळे शिपाई होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्याचे ३ कापून हातात ७. हा फरक जून १८६४ मध्ये कायद्यानं मिटला. गुलामाचं लग्न तर कायदा मानतच नव्हता. मिसुरी आणि केंटकी ही गुलामीची राज्यं उत्तरेच्या बाजूनं राहिली, म्हणून १८६३ चा लिंकनचा जाहीरनामा तिथं लागू नव्हता. परिणाम काय? भरती झालेला गडी मुक्त, आणि त्याची बायको-पोरं मालकाच्या दावणीला. सरकारच्या लेखी तो शिपाई. स्वतःच्या पोरांचा मात्र कुणीच नाही.

पहिला कागद स्पॉट्सवुड राइसचा. मिसुरीत तंबाखूच्या कामावर राबणारा हा गुलाम पलटणीत दाखल झाला. सप्टेंबर १८६४ मध्ये तो सेंट लुईसच्या लष्करी इस्पितळात होता. तिथून त्यानं आपल्या मुलीच्या मालकिणीला पत्र लिहिलं. तिनं आळ घेतला होता की हा माझी पोर चोरू बघतोय. राइस उलट विचारतो, स्वतःची पोर कुणी चोरतं का? ती देवानं मला दिलीय. पूर्वी मी ४० डॉलर देऊन तिला सोडवायला तयार होतो, तू घेतले नाहीस तेच बरं झालं. आता फौज घेऊन येतो. त्याच दिवशी त्यानं मुलींनाही धीर देणारं पत्र लिहिलं.

या पत्रात स्पेलिंगचा मेळ नाही, विरामचिन्हांचा पत्ता नाही. शुद्धलेखनवाल्यांनी खुशाल लाल पेन काढावं. मला दिसतं ते वेगळंच. ‘चोरी’ हा मालकिणीचा शब्द त्यानं उचलला आणि तिच्याच पदरात टाकला. भाषेवरची मालकी हिसकावणं म्हणतात ते हेच, आणि ते व्याकरण शिकून येत नाही.

दुसरा कागद आणखी अवघड आहे. जोसेफ मिलर, केंटकीतल्या कॅम्प नेल्सन छावणीतला शिपाई. भरती झालास तर तुझ्या बायको-पोरांना पोसणार नाही, असं मालकानं बजावलं. म्हणून तो बायको आणि चार पोरं घेऊनच छावणीत आला. नोव्हेंबर १८६४ मध्ये छावणीच्या अधिकाऱ्यांनी अशा सुमारे ४०० बायका-मुलांना गोठवणाऱ्या थंडीत हाकलून दिलं. मिलरचा सात वर्षांचा पोरगा आजारी होता. हे त्याच्या जिवावर बेतेल असं त्यानं पहारेकऱ्याला सांगितलं. गाडीत चढली नाहीत तर एकेकाला गोळी घालीन, असं उत्तर मिळालं. रात्री मिलर सहा मैल चालत निकोलसव्हिलला गेला. एका जुन्या प्रार्थनाघरात सगळी कुडकुडत होती, दिवसभर पोटात अन्न नव्हतं. पोरगा मेला होता. ड्यूटी होती म्हणून तो त्याच रात्री परत चालत आला. सकाळी पुन्हा गेला, स्वतः खड्डा खणला, पोराला पुरलं.

ही सगळी हकीकत प्रतिज्ञापत्रात आहे. लिहिणारा दुसराच कुणी, खाली मिलरची फुली.

आमचे विद्वान म्हणतील, हा दस्तऐवज झाला, साहित्य कुठाय? मग त्यांनी नीट वाचावं. दुःखासाठी इथं एक विशेषण खर्ची पडलेलं नाही. नुसतं अंतर मोजलंय: सहा मैल, जाऊन-येऊन बारा मैल. पोरगा थंडीनं मेला असं तो म्हणत नाही, थंडीत टाकून त्याला मारलं असं म्हणतो. एका क्रियापदात आरोप उभा राहतो. आणि सगळ्यांत भयंकर जागा अशी: गोळीची धमकी ऐकल्यावर बायको-पोरं गाडीत चढतात, आणि त्याला ते बघावं लागतं. अंगावर सरकारचा गणवेश, आणि सरकारचा हुकूम त्याच्याच घरच्यांवर. विरहाच्या कुठल्या काव्यात हा नवरा आहे?

या कागदांनी कामही केलं. अशा जबान्या वर्तमानपत्रांत आल्या, ओरड झाली, हुकूम फिरला. ३ मार्च १८६५ ला शिपायांच्या बायका-पोरांना मुक्त करणारा कायदा झाला. पण हाकललेल्यांपैकी शंभराहून जास्त जीव तोवर गेले होते. मिलरही जानेवारीतच वारला.

एक उणीव मात्र सांगतोच. बायकोचा शब्द यात नाही. आजारी पोर कडेवर घेऊन ती गाडीत चढली, एवढंच आपल्याला कळतं. गाडीत काय घडलं, पोरगा कसा गेला, हे तिनं पाहिलं. तिची फुली कुणी घेतली नाही. नवऱ्याची ताटातूट सांगताना अर्धी गोष्ट नेहमी अशीच बुडते. आपल्या साहित्यातही बुडते.

म्हणून मित्रहो, टाळ्यांपेक्षा कामाचं बोलू. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या पलटणीतल्या माणसांच्या घरी अजून कुठं पत्र्याच्या ट्रंकेत पत्रं असतील, मनिऑर्डरीची कुपनं असतील, पेन्शनच्या कागदावर एखाद्या आजीचा अंगठा असेल. ते वाचा, उतरवून घ्या. आजीला तारखा विचारू नका. तो गेल्यावर चूल कशी पेटली, ते विचारा. समीक्षेची फूटपट्टी आपण नंतर, तो अंगठा समोर ठेवून बनवू.